सोजरबाईनं लपवलेला ताप

सोजरबाईला ‘दुखतंय का’ असं विचारण्यात काही अर्थ नव्हता. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘बरं हाय’. सुई टोचताना बरं हाय, नाकात नळी घालताना बरं हाय. अंगात रक्त सहा ग्रॅम असताना दोन जिने चढून आमच्या वॉर्डात आली, तेव्हाही दाराला धरून धापा टाकत बरं हाय. परभणीत नर्सचं काम करते त्याला माझी बावीस वर्षं झाली. दुखत नसताना बोंब मारणारे पेशंट मला परवडतात, त्यांना गप्प कसं करायचं ते मला कळतं. न बोलणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते आणि ती भीती सोजरबाईनं लावली.

ताडकळसजवळच्या एका खेड्यातली बाई. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, अंगानं काटक, हाताचे तळवे दगडासारखे. दोन एकर कोरडवाहू, म्हणून दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. वर्षभर तिला थकवा होता. ज्यानं त्यानं ‘अशक्तपणा’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तिनं त्या इमानदारीनं खाल्ल्या. शेवटी आमच्या सरांनी दुर्बीण घालून बघितलं, तर मोठ्या आतड्यात उजव्या अंगाला गाठ निघाली. सर आडवळणानं बोलत नाहीत. कॅन्सर आहे म्हणाले. नवरा, ज्ञानोबा, खालीच बसला. सोजरबाईनं पदर सारखा केला आणि विचारलं, “मग कदी काडायचा?”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिचं पोट वरून स्पिरीटनं साफ करायला गेले. बेंबीपासून खाली वीतभर जुना व्रण होता.

“हे कसलं, मावशी?”

“पिशवी काढली तवा.”

“कितव्या वर्षी?”

“एकतीस-बत्तीस आसंल. टोळीतल्या समद्याच बायांची काढलीय की. फडात पाळीचा लय तरास होतो बाई, काम बुडतं.” मग जरा अभिमानानंच म्हणाली, “इसाव्या दिशी मोळी डोक्यावर होती माझ्या.”

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. पण राग कुणावर काढायचा? त्या व्रणावर स्पिरीट लावत राहिले.

त्याच वेळी तिनं मला सगळं सांगितलं. टोळीत एक गडी आणि एक बाई मिळून एक कोयता धरतात. गडी तोडतो, बाई तोडतेही आणि मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेतेही. एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. ज्ञानोबानं मुकादमाला शब्द देऊन ठेवलेला होता आणि टोळीचा ट्रक पुढच्या गुरुवारी सांगलीकडं सुटणार होता. ऑपरेशन मंगळवारी. म्हणजे मधे नऊ दिवस. सोजरबाई त्या ट्रकमध्ये बसली नाही, तर तिच्या जागी वर्षाला बसावं लागणार होतं.

वर्षा म्हणजे तिची लेक. बारावी सायन्सला, पूर्णेच्या कॉलेजात. आईजवळ दवाखान्यात तीच थांबायची. खाटेखाली चटई टाकून बायोलॉजीचं पुस्तक वाचत बसायची आणि मी सलाईन बदलायला गेले की उठून बघायची, ही सुई कुठं गेली, ह्या बाटलीत काय आहे.

“माझी लेक उसाच्या पाल्याला हात लावणार न्हाई,” सोजरबाई म्हणाली. “धा दिस झोपवून ठिवा मला पायजे तर आदी. पर गुरवारी सोडा.”

खरं सांगायचं तर चूक माझीही झाली. तिचं तोंड बघून मला राहवलं नाही आणि मी बोलून गेले, “काळजी करू नका मावशी. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, भोकं बारीक असतात. आठवड्यात घरी जाल.” घरी जाल म्हणाले होते मी, फडात जाल असं नव्हतं म्हटलं. पण तिनं ऐकायचं तेवढंच ऐकलं.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. जुन्या व्रणाच्या आत आतडी पोटाला चिकटून बसली होती. सर नंतर म्हणाले, दोनदा वाटलं की आता पोट उघडावंच लागणार. पण निभावलं. चार भोकं आणि गाठ बाहेर काढायला बेंबीशी चार बोटांचा चिरा, एवढ्यावर काम झालं.

शुद्धीवर आल्यावर सोजरबाईनं पहिलं काय केलं असेल, तर चादर वर करून पट्ट्या मोजल्या. मग चिऱ्यावरच्या पट्टीवर बोटं धरून बघितली. संध्याकाळी मला म्हणते, “त्या बारीला ईतभर कापलं, तर ईस दिस लागले. ह्या बारीला चार बोटं. मग किती दिस व्हत्यात? तुमीच हिशेब लावा.”

तिचा हा हिशेब सगळ्या वॉर्डात पसरला. ज्याला त्याला आपली पट्टी बोटांनी मोजायची सवय लागली. ‘माझी दोन बोटं हाय, परवा सोडतील.’ एका नातेवाइकानं तर मलाच ऐकवलं की पेशंटला बोटभर चिरा असताना तुम्ही आठ दिवस कशाला ठेवून घेता. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चालायच्या बाबतीत मात्र ती आम्हाला वरदान होती. अशा ऑपरेशननंतर पेशंटनं त्याच दिवशी संध्याकाळी चार पावलं चालावं, अशी आमच्याकडं पद्धत. आपल्या माणसांना हे पटत नाही. कानाला फडकं बांधायचं, खिडकी लावायची आणि बाळंतिणीसारखं पडून राहायचं. शेजारच्या खाटेवर चारठाण्याच्या एका गुरुजींची बायको होती. पित्ताशय काढलेलं, तीन दिवस झाले तरी खाटेवरून पाय खाली टाकत नव्हती. मी सांगून सांगून हात टेकले. सोजरबाई एका हातात सलाईनचा स्टँड आणि एका हातानं पोट धरून तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“गुरुजीनबाई, उटा.”

“टाके तुटले म्हणजे?”

“मी सकाळधरनं चार येरझाऱ्या घातल्या. माजं काय सांडलं का बगा खाली.”

गुरुजीनबाई हसली आणि हसताना पोटात कळ आली म्हणून तिला शिव्याही दिल्या. पण उठली. मग रोज दोघी मिळून व्हरांड्यात फिरायच्या. सोजरबाईची एक गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात आली. ती दुसऱ्याच्या दुखण्याला कधी नाव ठेवायची नाही. गुरुजीनबाई ‘आई गं’ म्हणाली की थांबायची, तिला टेकू द्यायची. स्वतःच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप. मी विचारलं तर म्हणाली, “फडात दुकतंय म्हनलं की मुकादम नोंद घेतो. पुढल्या साली टोळीत घेत न्हाई. तवा आमी शिकलोय बाई, ताप आला तरी हसत मोळी उचलायची.”

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच माझं चुकलं.

सर राऊंडला आले की बजावायचे, “मावशी, बाहेरून लहान दिसतंय. आत वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडलीत. तो जोड अजून ओला आहे. दीड महिना काही उचलायचं नाही.” ती मान हलवायची. सर पुढच्या खाटेकडं वळले की माझ्याकडं बघून चार बोटं दाखवायची.

शनिवार उजाडला, चौथा दिवस. सगळं ठीक असलं तर सोमवारी सोडू, असं सर आदल्या दिवशी बोलून गेले होते. सकाळी मी ताप बघायला गेले. सोजरबाई उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले, कुंकू लावलेलं. थर्मामीटर काखेत दिला. साडेसत्त्याण्णव.

“कसं आहे?”

“बरं हाय.”

मी कागदावर लिहिलं आणि सवयीनं मनगट धरलं. नाडी पळत होती. घड्याळ बघून पुन्हा मोजली. एकशे वीसच्या वर. ताप नाही, दुखत नाही, मग नाडी कशाला पळते? थर्मामीटर पुन्हा द्यायला गेले. तेवढ्यात तिच्या पोलक्याची बाही माझ्या हाताला लागली, तर गार ओली. दुसरी बाही कोरडी होती.

“बाही कशी भिजली, मावशी?”

“तोंड धुताना.”

मी पोटावर हात ठेवला. ठेवला फक्त, दाबला नाही. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण पोट लाकडासारखं घट्ट झालेलं होतं. मी विचारलं, “इथं दुखतंय?” ती म्हणाली, “न्हाई.” मी म्हटलं, “मावशी, माझ्या डोळ्यात बघून सांगा.” तिनं माझ्या डोळ्यात बघितलं आणि पुन्हा म्हणाली, “न्हाई, बाई. बरं हाय.”

वर्षा चटईवर बसलेली होती. पुस्तक उघडं होतं पण ती वाचत नव्हती. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग पुस्तक मिटलं.

“खोटं बोलायलीय ती,” वर्षा म्हणाली. “काल सांजपासून ताप हाय. तुमी यायच्या आदी टॉवेल भिजवून काखेत धरती. रातभर उशी तोंडात धरून कण्हायलीय.”

“गप ए,” सोजरबाई म्हणाली.

“न्हाई गप बसत.”

“तुला कळतंय का तू काय करायलीस ते?”

“कळतंय,” वर्षा म्हणाली.

सतरा वर्षांची पोर. आई सोमवारी घरी गेली नाही, तर गुरुवारी ट्रकमध्ये कुणाला बसायचंय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ती बोलली. मी आयुष्यात लई माणसं बघितली, डॉक्टर बघितले, पुढारी बघितले. असं धाडस मी पुन्हा बघितलं नाही.

मी सरांना फोन लावला. पुढचं सगळं पळापळीतच झालं. तोंडानं काही द्यायचं नाही, दोन सलाईन, तपासणीला रक्त, स्कॅन. जोड एका बाजूला सुटला होता. गळती लहान होती, पण आणखी एक दिवस गेला असता तर विष पोटभर पसरलं असतं. दुपारी तिला पुन्हा आत घेतलं. ज्ञानोबा गावाकडून यायला वेळ होता, म्हणून त्याला फोनवर विचारून सहीसुद्धा वर्षाचीच घेतली. स्ट्रेचर लिफ्टकडं नेताना सोजरबाईनं माझा हात धरला. मला वाटलं, घाबरली. ती म्हणाली, “गुरवारपतूर व्हईल का?”

त्याच भोकांतून सरांनी पोट धुतलं, जोड पुन्हा शिवला, बाजूला नळी ठेवली. बाहेर आल्यावर मास्क काढून मला म्हणाले, “वेळेत कळलं म्हणून.” मी म्हटलं, “मला नाही कळलं सर, तिच्या लेकीनं सांगितलं.”

गुरुवारी दुपारी ज्ञानोबा आणि वर्षा निरोप घ्यायला आले. सोजरबाईच्या नाकात नळी, पोटात नळी. वर्षानं ड्रेसवर बापाचा फुलबाह्याचा शर्ट घातला होता. उसाचं पान अंगाला कापतं म्हणून बाया असा शर्ट घालतात. तिच्या अंगावर तो गुडघ्यापर्यंत आला होता. ती म्हणाली, “आई, पुस्तकं संगं घेतलीत. पालात वाचीन मी.” सोजरबाईनं भिंतीकडं तोंड केलं. पोर पाया पडली तरी वळली नाही. ज्ञानोबा बिचारा दोघींच्या मधे उभा होता. बहिणीला तुझ्याजवळ ठेवून चाललोय, एवढंच म्हणाला.

ते गेल्यावर मी नळीतलं पाणी मोजत होते. सोजरबाईनं भिंतीकडं बघतच विचारलं, “बाई, तिनं सांगितलं नसतं तर?”

“तर तुम्ही गेला असतात, मावशी.”

“मंग तरी तीच गेली असती ट्रकात,” ती म्हणाली. मग म्हणाली, “म्या लपवलं नसतं तर? पयल्याच सांजंला सांगितलं असतं तर?”

“तरी जोड सुटलाच असता. गुरुवार गाठला नसताच.”

“म्हंजे कसंबी केलं तरी तीच.”

तिचे खांदे हलत होते. रडू दिलं मी तिला, पडदा ओढून घेतला.

पुढं रिपोर्ट आला. आतड्याजवळच्या दोन बारीक गाठींतही आजार पोचला होता, म्हणून केमोच्या औषधाचे बारा डोस द्यायचे ठरलं, दर पंधरा दिवसांनी एक. जखमा भरल्यावर ती ताडकळसहून एसटीनं एकटीच यायची. ह्या औषधानं थंडीचा त्रास होतो. गार पाण्याला, गार लोखंडाला हात लागला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. तिला मी हातमोजे आणून दिले. ते घालून ती खुर्चीत ताठ बसायची आणि सलाईन संपेपर्यंत दुसऱ्या पेशंटना धीर द्यायची. ‘उलटी व्हईल, हूं द्या. मग चाला.’ एक फरक मात्र झाला होता. आता मी विचारलं की ती खरं सांगायची. कुठं दुखतं, किती दुखतं. बोट ठेवून दाखवायची. मला वाटायचं, चला, एवढं तरी झालं.

लेकीचा विषय मी काढत नव्हते. तीच एकदा म्हणाली की वर्षा रोज फोन करते, तिच्या हाताला फोड आलेत, आणि ज्ञानोबा म्हणतो पोरगी चांगली मोळी बांधते. हे सांगताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

फेब्रुवारीत मी नांदेडला बहिणीकडं जायला सकाळी परभणीच्या स्टँडवर आले. तर बाकड्यावर सोजरबाई. मांडीवर गाठोडं, हातात माझे हातमोजे. मी म्हटलं, डोस तर बुधवारी आहे, आज कशी? ती दचकली.

“बुदवारी न्हाई येत, बाई.”

“म्हणजे?”

“वर्षीचा पेपर हाय परवापासून. तीन आठवडे चालंल. तवर कोयत्याला मी.”

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. बोलले एवढं खरं. सरांना विचारलंस का. अंगात पांढऱ्या पेशी नाहीत तुझ्या, फडात साधा सर्दी-खोकला झाला तरी महागात पडेल. पहाटे दवानं भिजलेल्या उसाला हात लावशील कसा. मी तिला पहिल्यांदाच अगंतुगं करत होते आणि आजूबाजूची माणसं बघत होती. ती सगळं ऐकून घेत होती.

“मोळी न्हाई उचलत,” ती म्हणाली. “मुकादमाला सांगितलंय, नुसतं तोडीन अन् बांदीन. एक डोस फुडं ढकला म्हनावं सरांना. एकच.”

“आणि दुसराही ढकलावा लागला तर?”

ती म्हणाली, “बाई, पोरीनं माज्यासाटी सांगितलं ना तवा? तिला ठाव होतं तरी सांगितलं. आता मला ठाव हाय.”

सांगलीकडून गाडी आली. वर्षा उतरली. काळवंडलेली, गालावर पानाच्या बारीक चिरा, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या वगैरे काही नाही. वर्षानं अंगातला फुलबाह्याचा शर्ट काढला, तिथंच उभी राहून सोजरबाईनं तो लुगड्यावर चढवला. मग पोलक्यातून प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं हॉलतिकीट काढून लेकीच्या हातात दिलं. “फोटू तुजाच हाय का बगून घे,” म्हणाली. वर्षा काही बोलायला गेली, तर तिला बोलू दिलं नाही. “पूर्णेची गाडी लागलीय तिकडं. जागा धर. केमिस्ट्री ध्यानात हाय ना?”

“हाय.”

“मंग जा.”

सांगलीची परतीची गाडी सुटायला आली होती. सोजरबाई गाठोडं घेऊन चढायला लागली, तर मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. तिला वाटलं, मी अडवतेय. मी गाठोडं आत नेऊन सीटखाली ठेवलं आणि खाली उतरले. अडवायला हवं होतं का मी तिला? सरांनी मला नंतर चार शब्द सुनावले आणि ते बरोबरच होते. मला अजूनही ठरवता येत नाही.

ती खिडकीपाशी बसली. वर्षा पलीकडच्या फलाटापर्यंत गेली आणि वळून बघायला लागली. सोजरबाई ताठ बसून हसत होती. हातमोजा घातलेला हात हलवून तिला पुढं जा, पुढं जा असं खुणावत होती. वर्षा गाडीत चढली. पूर्णेची गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली.

मग सोजरबाईनं दोन्ही हातांनी पोट धरलं, कपाळ पुढच्या दांडीला टेकवलं आणि मोठ्यानं ‘आई गं’ म्हणाली. मी खाली खिडकीशी उभी होते. तिला ते ठाऊक होतं. गाडी सुटेपर्यंत ती तशीच कण्हत राहिली.